गुरुवारची पुरणपोळी

"सात जणांनीही चालतं, कुंदाताई. तुम्ही बसा आता," मुनीरा म्हणाली.

"तुमच्यात चालत असेल, मला नाही चालत," मी म्हटलं आणि पदर कमरेला खोचला.

धुळ्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर त्या संध्याकाळी तीन थाळ मांडले होते. थाळ म्हणजे आपलं ताट नव्हे. बोहरी घरातला थाळ म्हणजे भलीमोठी परात. ती एका कड्यावर ठेवतात, खाली चादर अंथरतात आणि भोवती आठ माणसं मांडी घालून बसतात. सगळे त्या एकाच परातीतून जेवतात. दोन थाळ भरले होते. तिसऱ्या, म्हणजे माझ्याच थाळाला एक जागा रिकामी होती आणि ती मला सारखी खुपत होती. जिचं अर्धं आयुष्य पोळीभाजी केंद्र चालवण्यात गेलं, तिला पंगतीतलं रिकामं पान बघवत नाही. त्याला इलाज नाही.

जागा रिकामी कशी राहिली तेही सांगते. मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या पाटणकर मॅडम आपल्या नणंदेला घेऊन आल्या होत्या. नणंदबाईंनी धापा टाकत जिना चढला, थाळ पाहिला, भोवतीची माणसं पाहिली आणि माझा दंड धरून मला टाकीच्या आडोशाला नेलं.

"अगं कुंदा, आठ जण एका ताटात? म्हणजे सगळं उष्टंच की!"

"आपापल्या समोरचंच खायचं असतं हो. कुणी दुसऱ्याच्या घासात हात घालत नाही."

"असेल. मी पाकीट देते, पण जेवायला आपली घरी जाते."

आणि त्या खरोखरच गेल्या. मला राग आला नाही. पाकीट चांगलं जाड होतं.

पाटणकर मॅडम मात्र बसल्या. बसता बसता माझ्या कानाशी म्हणाल्या, "जन्मभर पोरींना डबा वाटून खा म्हणून दटावत आले. आता मीच उठले तर त्या हसतील मला." मग त्यांनी आपल्यासमोर थाळाच्या काठावर बोटाने एक न दिसणारी रेघ मारली आणि तिच्या अलीकडे दोन्ही हात ठेवून शहाण्यासारख्या बसून राहिल्या.

आता ही पंगत कशासाठी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

तस्नीम आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. नवरा खुझेमा, त्याचं हार्डवेअरचं दुकान. सासू झेहराबाई. आणि मुलगी अलेफिया, नुकतीच सातवं लागलेली, पुढचे दोन दात पडलेले, दिवसभर जिन्यावरून खाली-वर करणारी. त्या जानेवारीत एका दुपारी तस्नीम माझ्या केंद्राच्या मागच्या खोलीत आली, गव्हाच्या पोत्यावर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, खुझेमाचं काहीतरी. मी लाटणं खाली ठेवलंच नाही.

"त्याचं काही नाही, कुंदाताई. अलेफियाचं आहे."

मग तिने सांगितलं. त्यांच्यातल्या काही घरांत मुलगी सात वर्षांची झाली की तिला काहीतरी खोटं सांगून एखाद्या बाईकडे नेतात आणि तिच्या नाजूक जागेची कातडी कापतात. त्याला खतना म्हणतात. मुलीला आधी कुणी काही सांगत नाही आणि नंतर कुणी त्याबद्दल बोलत नाही. तस्नीमचं झालं होतं. तिच्या आईचं झालं होतं. आता मे महिन्याच्या सुट्टीत अलेफियाला सुरतला न्यायचं ठरलं होतं, झेहराबाईंच्या नणंदेकडे. तिला घरात सगळे 'सुरतची फुई' म्हणत.

"मी आत्ता वर जाते," मी उठलेच. "कोण नेतंय बघते! आख्ख्या गल्लीला गोळा करते."

तस्नीमने माझा हात धरला. एवढी मऊ बाई, पण पकड अशी की लाटणं सुटलं माझ्या हातून.

"तुम्ही ओरडलात ना, तर सगळी दारं बंद होतील. लोक म्हणतील, बाहेरच्यांना सांगून समाजाची बदनामी केली. मग कुठलीच आई माझ्याशी बोलणार नाही. आमच्या घरातलं आम्हालाच बोलू द्या."

"मग मी काय करू? बसून बघू?"

"जागा द्या," ती म्हणाली. "आम्ही चौघी आहोत. मुनीरा आहे, अजून दोघी आहेत. ज्यांच्या घरी सहा-सात वर्षांच्या मुली आहेत त्या आयांशी आम्हाला बोलायचंय. घरून फोन करता येत नाही. बसायला कुठे जागा नाही."

"ही खोली घे. अजून?"

ती जरा घुटमळली. "अजून... मुनीराचं बसचं भाडं. नंदुरबार, शहादा, पाचोरा, सगळीकडे तीच जाते. स्वतःच्या शिवणातून काढते बिचारी."

मला त्या दिवशी एक कळलं. माझ्या आरड्याओरड्याचा कुणाला काडीचाही उपयोग नव्हता, पण माझ्या खोलीचा होता. स्वभावाला जड गेलं, पण गप्प बसले. दर गुरुवारी दुपारी चौघी माझ्या मागच्या खोलीत जमायला लागल्या. मी बाहेर पोळ्या लाटायची आणि आतून फोनवरचं हळू बोलणं ऐकू यायचं. कधी एखादी आई ऐकायची, कधी सासू फोन काढून घ्यायची आणि चार शब्द ऐकवून आपटायची. एकदा पाचोऱ्याच्या एका आईने "नाही नेणार" म्हटलं, तेव्हा आतून असा काही आनंदाचा गोंधळ उठला की डबा न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "आत क्रिकेट लावलंय का?"

"घरी काय सांगून येतेस?" मी तस्नीमला एकदा विचारलं.

"पुरणपोळी शिकायला जाते म्हणून."

मला हसूच आलं. शिकायला बसलेली बाई पुरणाचा गोळाही कधी हातात धरत नव्हती.

गच्चीवरच्या जेवणाची कल्पना माझी. एप्रिलमध्ये पैसे संपले. एक डॉक्टरीण बाई आयांशी बोलायला यायला तयार होत्या, भाड्याची एखादी खोली हवी होती, मुनीराच्या फेऱ्या वाढल्या होत्या. मी म्हटलं, आपल्या ओळखीची चांगली माणसं बोलावू. मी एकेकाला आधी घरी जाऊन सगळं सांगेन, म्हणजे गच्चीवर भाषण नको, काही नको. तुमच्या पद्धतीने जेवतील आणि जाताना देगीत पाकीट टाकतील. तस्नीमने बराच विचार केला आणि मग म्हणाली, "थाळ असेल तर चालेल. थाळावर बसलेली माणसं परकी राहत नाहीत. पण एक. घरातल्या मोठ्यांना कळता कामा नये."

मोठ्यांना म्हणजे सुरतच्या फुईला, असं मी समजले. दुसरं कोण असणार? झेहराबाईंना मी वीस वर्षं ओळखत होते. दुपारी माझ्या ओट्यावर बसून पत्ते खेळणाऱ्या, हरल्या की पानं लपवणाऱ्या, गल्लीतल्या मांजरांना मलई घालणाऱ्या झेहराबाई. त्या असलं काही करतील हे माझ्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. फुईच्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनाही सांगितलं होतं की माझ्या केंद्राच्या वाढदिवसाचं जेवण आहे, आणि त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या गच्चीवर येणार नव्हत्या. त्यांची आणि अलेफियाची खिचडी-कढी खालीच झाकून ठेवली होती. खुझेमा दुकानातून उशिरा यायचा.

तर रिकामी जागा. मुनीरा नको म्हणत होती आणि तस्नीम कोपऱ्यात शेगडीपाशी पाठमोरी होती. माझ्या मनात आलं, घरातली सगळ्यांत मोठी बाई खाली नातीबरोबर खिचडी खातेय आणि आपण वर पंगत झोडतोय. हे काही बरं दिसत नाही. मी तडक खाली उतरले.

"झेहराबाई, चला वर. एक पान रिकामं आहे."

त्या टीव्हीसमोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टीव्ही बंद केला.

"मला बोलावलं कुणी? तस्नीमने?"

"मी बोलावतेय. चला, धरते मी."

"केव्हापासून वाट बघते," त्या उठता उठता म्हणाल्या, "की कुणीतरी मला बोलावेल."

पारोळ्यात वाढलेल्या झेहराबाईंचं मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत. मी त्यांचा एक हात धरला, दुसरा अलेफियाने. एकेक पायरी चढत निघालो. अलेफियाचं तोंड चालूच होतं.

"कुंदामावशी, सांगू? दादीने माझ्यासाठी सोन्याचे डूल आणलेत. खरे खरे."

"अरे वा! मग घातले का नाहीस आज?"

"आज नाही. सुट्टीत आम्ही सुरतला जाणार ना, तिकडून आल्यावर घालायचे. दादी म्हणते, आधी नाही."

मी झेहराबाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून पायरी बघत होत्या.

ज्या मोठ्यांपासून लपवायचं होतं, त्यांनाच मी हाताला धरून वर घेऊन चालले होते. परत फिरावं तर काय कारण सांगणार? आणि फिरायला वेळ तरी कुठे होता? दारापाशी पोचलोच होतो.

गच्चीच्या दारात आम्हा तिघींना बघून तस्नीमच्या हातातला डाव तसाच वर राहिला. मुनीराने डोळे मिटून घेतले. मी तस्नीमकडे बघून जमेल तेवढं केविलवाणं तोंड केलं, पण त्याचा काय उपयोग?

"बसू कुठे?" झेहराबाईंनी विचारलं.

झेहराबाईंपासून काही लपवायचंय हे पाटणकर मॅडमना माहीतच नव्हतं. त्यांनी आनंदाने सरकून जागा दिली. "या, या. तुमच्यासाठीच थांबलोय."

हात धुवायला लोटा आणि तस्त फिरलं. अलेफियाने ते काम आपणहून घेतलं आणि अर्ध्या पाहुण्यांच्या मांड्या भिजवल्या. मग मिठाची वाटी आली. थाळात वयाने मोठ्या झेहराबाई, म्हणून मुनीराने मुकाट्याने वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं, चिमूट जिभेवर ठेवली आणि वाटी एकेकीपुढे धरली.

"मीठ घ्या बेन," त्या पाटणकर मॅडमना म्हणाल्या. "आमच्यात मिठाने सुरुवात आणि मिठानेच शेवट."

"आमच्याकडेही पानात पहिलं मीठच वाढतात," मॅडम म्हणाल्या.

"मग झालं तर! उगाच घाबरलात. हात पुढे घ्या, त्या रेघेच्या आत काय बसलात?"

मॅडम लाजल्या. न दिसणारी रेघ झेहराबाईंना दिसली होती. सगळा थाळ हसला, पाटणकर मॅडम सगळ्यांत जास्त. मी तेवढी तस्नीमकडे बघत होते.

त्यांच्यात गोड आधी. पहिल्यांदा तूप-साखरेचा भात आला, त्याला ते सोदन्नू म्हणतात. बाजूच्या थाळावरच्या, आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी आणि मंडळींनी, जेवण संपलं की काय, अशा नजरेने एकमेकांकडे बघितलं. मग वडे आले, हसणं वाढलं, कुणाचा तरी वडा घरंगळत दुसऱ्याच्या हद्दीत गेला, त्यावरून भांडण झालं. मग मी केलेल्या पुरणपोळ्या आल्या. तूप सोडलेल्या, पातळ, माझ्या हातच्या. त्या थाळात पडल्या आणि आता काय होणार ते मला कळलं.

झेहराबाईंनी तुकडा मोडला, चावला, मान डोलावली.

"तस्नीम," त्यांनी हाक मारली. तस्नीम आमच्या थाळावर वाढत होती. "ही पोळी तू केलीस?"

"अलेफिया," मी घाईने म्हणाले, "जा राणी, आमच्या स्वयंपाकघरातून लिंबं घेऊन ये. मोठी मोठी बघून आण." पोर उड्या मारत खाली गेली.

"चार महिने झाले," झेहराबाई शांतपणे बोलत होत्या. "गुरुवार आला की तू पुरणपोळी शिकायला जातेस. चार महिन्यांत एक पोळी घरी आली नाही. मी म्हटलं, असेल, पोरीला वेळ लागतो. पण एखादी फाटकी, जळकी तरी यायला हवी होती की नको?"

बाजूच्या दोन्ही थाळांवरची माणसंही वळून बघायला लागली.

तस्नीमने पातेलं खाली ठेवलं. ती झेहराबाईंच्या समोर, दोन पाहुण्यांच्या मधल्या फटीत गुडघ्यांवर बसली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही.

"नाही मम्मी. मला पुरणपोळी येत नाही."

"मग गुरुवारी काय करतेस?"

"सांगते," ती म्हणाली, आणि तिने सांगितलं. खालच्या खोलीत कोण जमतं, कुणाला फोन करतात, आयांना काय सांगतात, आणि ही सगळी माणसं आज का जेवायला आलीत. "बाहेरच्यांना गोळा करून मी आपल्याला नावं ठेवत नाहीये, मम्मी. यांनी एक शब्दही वाईट काढला नाही. यांनी फक्त विचारलं की आम्ही काय देऊ."

"बस? एवढंच?"

"एवढंच नाही." तिने एकदा जिन्याच्या दाराकडे बघितलं. "अलेफियाला मी सुरतला पाठवणार नाही. तुम्ही रागवा, हे रागावू देत, फुईने तोंड बघायचं नाही म्हटलं तरी चालेल. माझं जे झालं ते तिचं होणार नाही."

पाटणकर मॅडमनी नकळत झेहराबाईंच्या हातावर हात ठेवला होता, उष्ट्याच हाताने. आणि झेहराबाईंनी तो झटकला नव्हता.

त्यांनी पोळीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "पलीदू वाढ. भात थंड होतोय."

बस. पुढे एक अक्षर नाही. तस्नीमने डाळभात आणि पलीदू वाढला, पलीदू म्हणजे आपल्या कटाची आमटी आणि कढी यांच्या मधलं काहीतरी. झेहराबाईंनी आपल्यासमोरचा दाणा न् दाणा निपटून खाल्ला. लिंबं घेऊन आलेल्या अलेफियाला मांडीशी बसवून दोन घास भरवले. शेवटी पुन्हा मिठाची वाटी फिरवली, बोटं जिभेला लावली आणि उठल्या. मी धरायला गेले तर म्हणाल्या, "उतरायला मला कुणी लागत नाही." एकेक पायरी उतरून त्या घरात निघून गेल्या.

मी तस्नीमपाशी गेले. "माझी जीभ हासडून टाक," म्हटलं. "मला माहीत नव्हतं गं."

"बरं झालं," ती म्हणाली. "मी स्वतःहून कधीच बोलले नसते. आता बोलून झालं. आता होईल ते होईल."

माणसं निघाली. तांब्याची देग आम्ही पहिल्या मजल्याच्या चौकात ठेवली होती, झाकण थोडं सरकवून. जाताना जो तो पाकीट टाकून जात होता. शिंपीकाका म्हणाले, "पुढच्या वेळी मटणाचा थाळ करा, दुप्पट टाकतो." शेवटी पाटणकर मॅडमना सोडायला मी खाली गेले आणि परत येताना बघते तर झेहराबाई दार उघडून चौकात आल्या होत्या. त्यांनी झाकण उचललं, आत काहीतरी टाकलं. टण्णकन आवाज झाला. माझ्याकडे बघितलंही नाही, आत जाऊन कडी लावली.

चिल्लर! मी मनात म्हटलं, सुनेने जीव तोडून सांगितलं आणि म्हातारीने देगीत चिल्लर टाकली. टोमणाच हा. माझं डोकं असं फिरलं की त्या रात्री मी भांडी मोलकरणीसाठी न ठेवता स्वतःच घासली.

सकाळी तस्नीम आणि मुनीरा देग घेऊन माझ्या मागच्या खोलीत आल्या. तस्नीमचे डोळे सुजलेले. "रात्रभर मम्मी एक शब्द बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "सकाळी चहाही स्वतःचा स्वतः केला."

आम्ही देग चादरीवर उपडी केली. पाकिटांचा ढीग पडला आणि त्याच्यावरून घरंगळत एक छोटी लाल डबी माझ्या पायाशी आली. चिल्लर नव्हतीच. मी डबी उचलून उघडली. आत कापसावर ठेवलेले दोन इवलेसे सोन्याचे डूल होते, मोतीचुराच्या दाण्याएवढे.

तस्नीमने डबी माझ्या हातातून घेतली.

"हे आल्यावर घालायचे होते," ती म्हणाली. "सुरतहून आल्यावर." मुनीरानेच ते वाक्य पूर्ण केलं, "म्हणजे आता जायचंच नाही." आणि तस्नीम एकदम हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, मग मुनीरा, मग मी. कणकेच्या हातांनी आम्ही एकमेकींना धरून बसलो होतो आणि बाहेर डबेवाली गिऱ्हाइकं ओरडत होती. ओरडू दे म्हटलं, आज उपास करा सगळे.

त्यानंतरचा गुरुवार मी विसरणं शक्य नाही. दुपारी चौघी आत बसल्या होत्या. दारात पावलं वाजली आणि झेहराबाई आत आल्या. डोक्यावरून नीट रिदा, म्हणजे त्यांच्यातला रंगीत बुरखा, एका काखेत पोळपाट, हातात लाटणं.

"कुंदाबेन, मला पुरणपोळी शिकायचीय," त्या म्हणाल्या. "सुनेच्याने काही होत नाही."

आतल्या चौघी उभ्याच राहिल्या. झेहराबाई सरळ आत गेल्या आणि गव्हाच्या पोत्यावर बसल्या, जानेवारीत तस्नीम बसली होती त्याच पोत्यावर. लाटणं मांडीवर ठेवलं.

"मला जत्रेला नेतो म्हणून नेलं होतं," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांत हे मी कुणाला सांगितलं नाही. जत्रेतला पाळणा दिसला की अजून मी तोंड फिरवते. आणि तरी डूल आणले मी. का आणले? सुरतच्या फुईला काय वाटेल म्हणून. ती माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, तिच्यापुढे मी कधी मान वर केली नाही. थाळाच्या त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी तस्नीम इकडे आली, तेव्हा खुझेमाला समोर बसवून, तस्नीमला मीच सांगेन असं बजावून, मी फुईला फोन लावला. म्हटलं, अलेफिया येणार नाही. आता नाही आणि कधीच नाही. झेहराने ना म्हटलं असं समज."

"मग?" तस्नीमने विचारलं.

"मग काय, ती गप्प. मला वाटलं फोन ठेवला. मग हळूच म्हणाली, 'झेहरा, मी तर तुझ्यासाठीच करत होते. मला वाटलं, तुलाच हवंय.'"

मग झेहराबाईच आधी हसल्या, तोंडाला रिदाची कड लावून, खांदे हलवत, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघा की गं! ती माझ्यासाठी, मी तिच्यासाठी. आणि पोरीला कुणी विचारायचं?"

"मम्मी, अलेफिया डुलांबद्दल विचारेल," तस्नीम डोळे पुसत म्हणाली.

"विचारलं तिने. मी म्हटलं, ते चांगल्या कामाला दिले. परीक्षेचा निकाल लागला की दुसरे घेऊ. ती म्हणाली, मग मोठे घ्या." झेहराबाईंनी पोळपाट बाजूला सारला. "ते विका आणि खोली बघा. कुंदाबेनच्या पिठात किती दिवस बसणार? आणि आता नंबर द्या. आज कुणाला फोन करायचाय?"

"मम्मी, नंदुरबारच्या एक सासूबाई आहेत. आमचा आवाज ऐकला की फोन आपटतात."

"पोरींचा आपटतात," झेहराबाई म्हणाल्या. "माझा आपटून दाखव म्हणावं." आणि त्यांनी मुनीराच्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि पलीकडून "हॅलो" आल्यावर असा काही गोड आवाज काढला की मी बाहेर जाऊन पोळ्यांच्या तव्यासमोर एकटीच हसत राहिले. त्या सासूबाईंनी फोन आपटला नाही. तासभर बोलणं चाललं, त्यातला अर्धा वेळ गुडघ्यांच्या तेलावर.

गुडघे दुखतात म्हणणाऱ्या झेहराबाई पुढे मुनीराबरोबर एसटीने शहाद्यापर्यंत जाऊन आल्या. खोली मिळाली, गच्चीवरचा थाळ दरवर्षीचा झाला, पाटणकर मॅडमच्या नणंदबाई तिसऱ्या वर्षी जेवायला बसल्या. गेल्या एप्रिलमध्ये मिठाची वाटी अलेफियाने फिरवली. ती आता पुण्याला शिकते, दोन दिवसांच्या सुट्टीत मुद्दाम आली होती, कानात चांगले ठसठशीत डूल घालून. झेहराबाई थाळाशी खुर्ची घेऊन बसतात, खाली बसवत नाही त्यांना. अलेफियाने वाटी आधी त्यांच्यापुढे धरली.

आणि जेवणाच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरून मला निरोप आला, नेहमीसारखा. पुरणपोळ्या तुमच्याकडूनच पाठवा. इतक्या वर्षांत त्या घरात ती अजून कुणालाही येत नाही.